भाद्रपदातील परसबाग

पोळ्याचा सण आटोपतो आणि भाद्रपद लागतो. श्रावणातील संततधार आता थांबलेली असते. दुपारी लख्ख ऊन पडते, सायंकाळी एखादा ढग गडगडून सर टाकून जातो, आणि पहाटे गवताच्या पात्यांवर दव चमकू लागते. शरद ऋतू अद्याप अंगणात आलेला नसतो. परंतु त्याची चाहूल लागलेली असते. या दिवसांत शेतकऱ्याचे डोळे शिवारातील उभ्या पिकाकडे लागलेले असतात. रब्बीच्या ज्वारीची जमीन केव्हा तयार होईल, याचाही विचार त्याच्या मनात घोळत असतो. घरामागच्या चार हात जमिनीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तिच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोलाचे दिवस हेच होत.

बीड जिल्ह्यातील तेलगावाचे उदाहरण घेऊ. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे हे गाव वसले आहे. त्याच्या दक्षिणेस बालाघाटचे डोंगर, उत्तरेस गोदावरीचे खोरे. जवळच सहकारी साखर कारखाना आहे, आणि काही अंतरावर सिंदफणा नदीवर माजलगावचे मोठे धरण आहे. धरण व कारखाना पाहून येथे पाण्याची चंगळ असेल, असे परक्या माणसास वाटेल. पण तसे नाही. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात याच्या कितीतरी पट पडतो. त्यातही काही वर्षी पाऊस दगा देतो. १९७२ चा दुष्काळ आजही जुनी माणसे विसरलेली नाहीत. आणि एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात घराशी भाजी पिकवायची, तर ती केव्हा पेरावी हे कळणे अत्यंत आवश्यक असते.

या भागात शरद ऋतूचे आणखी एक महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागतात, आणि बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. कोयते निघाले म्हणजे गावातील कितीतरी दारांना कुलपे लागतात, आणि जी घरे उघडी राहतात त्यांत बहुधा आजी-आजोबा व शाळेत जाणारी मुले एवढीच माणसे उरतात. आईवडील परत येतात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. मधल्या पाच-सहा महिन्यांत म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी भाकरीबरोबर काय खावे? आठवड्याच्या बाजारातून आणलेली पालेभाजी दोन दिवसांत सुकून जाते. मग चटणी आणि पातळ वरण यांवर भागवावे लागते. हिरव्या भाज्या ताटात नसल्या म्हणजे शरीरास लोह व जीवनसत्त्वे कमी पडतात, वाढत्या वयाची मुले निस्तेज दिसू लागतात, आणि थोडे धावले की त्यांना धाप लागते. आईने घर सोडण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपदाच्या अखेरीस, मुलांना हाताशी घेऊन परसात दोन वाफे पेरले, तर दिवाळीला पहिली मेथी खुडता येते आणि पुढचे काम मुलांच्या हातात बसलेले असते. म्हणून परसबाग म्हणजे हौसेचा खेळ आहे, असे निदान या गावांत तरी कोणी म्हणू नये.

पण भाद्रपदच का? ज्येष्ठ-आषाढात पाऊस पडतो, तेव्हाच का पेरू नये? अंबाडी, दोडका, भोपळा, भेंडी, गवार ही मंडळी तेव्हा पेरतातच, आणि ती चांगली येतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, शेपू, चुका, गाजर या भाज्यांना मात्र थंडी मानवते. भर पावसात त्यांचे कोवळे कोंब पाण्याने कुजतात; कडक उन्हात त्या पाने धरण्याऐवजी घाईघाईने फुलावर येतात, आणि मुळा तर तिखट व जून होतो. भाद्रपदाच्या उत्तरार्धात जमीन ओली असते आणि उबदारही असते. बी रुजण्यास ओल, ऊब आणि हवा या तिन्ही गोष्टी हव्या असतात. त्या तिन्ही एकाच वेळी, आणि फुकट, मिळण्याचे दिवस हेच. पुढे रोप मोठे होत जाते तसतशी थंडीही वाढत जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे मराठवाड्यातून साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माघार घेतात. त्यानंतर आकाश निरभ्र होते आणि उकाडा वाढतो. त्या उन्हात कोरड्या मातीत बी टाकून रोज घागरी ओतणे आणि आधीच रुजलेल्या रोपाला थोडे थोडे पाणी देणे, यांत फार अंतर आहे.

आता जमिनीकडे वळू. तेलगावच्या परिसरात काळी जमीन पुष्कळ आढळते. फार प्राचीन काळी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर दख्खनवर पसरले. त्यांपासून बनलेला काळा खडक झिजून ही माती तयार झाली. तिचे कण अतिशय बारीक असतात. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते, आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात; कधीकधी भेगेत सबंध हात जाईल इतक्या त्या रुंद होतात. ही माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, हा तिचा गुण. परंतु अतिशय ओली असताना ती चिखल होऊन पायाला चिकटते आणि पूर्ण वाळल्यावर दगडासारखी कठीण होते, हा तिचा हट्टी स्वभाव. या दोन अवस्थांच्या मधल्या अवस्थेला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात.

वाफसा हा आपल्या भाषेतील फार सुंदर शब्द आहे, आणि त्याचा अर्थ हातांनीच समजून घ्यावा लागतो. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या व ती दाबून तिचा लाडू करा. मग तो कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा. लाडू जमिनीवर पडून चपटा झाला, पण फुटला नाही, तर माती फार ओली आहे असे समजावे. लाडू मुळीच वळला गेला नाही, तर ती फार कोरडी आहे. तो वळला आणि पडताच भुसभुशीत होऊन विखुरला, तर वाफसा आला. अशा मातीत कणांच्या भोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि कणांमधील पोकळ्यांत हवा खेळत असते. मुळांना पाणी लागते हे सर्वांस ठाऊक असते. त्यांना श्वासासाठी हवाही लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चिखलात कुदळ चालवली तर या पोकळ्या दाबल्या जातात, आणि पुढे त्या मातीची ढेकळे बनतात. ती फोडता फोडता हाताला घट्टे पडतात. घाईने दोन दिवस आधी खणणारा मुलगा आणि आळसाने आठ दिवस उशिरा खणणारा मुलगा, दोघांनाही काळी जमीन सारखेच दमवते.

वाफसा आला की जागा निवडावी. दिवसाकाठी निदान पाच-सहा तास ऊन पडेल, कोंबड्या आणि शेळ्या यांच्या वाटेवर नसेल आणि पाणी नेण्यास जवळ पडेल अशी जागा उत्तम. वाफा एक मीटर रुंद व दोन मीटर लांब पुरे. रुंदी एक मीटरहून अधिक ठेवू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही व माती दाबली जात नाही. वीतभर खोल खणून, काडीकचरा वेचून, चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन पाट्या मिसळावे. ‘चांगले कुजलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कच्चे शेण मातीत कुजू लागले की उष्णता निर्माण होते, हुमणीसारख्या किडीही त्यात वाढतात, आणि कोवळी मुळे दुखावतात.

वाफ्याची उंची ऋतूप्रमाणे बदलते, ही गोष्ट पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. एकदा रोपे बुडाली की आयुष्यभर राहते. भाद्रपदात उत्तरा नक्षत्राचा आणि त्यानंतर हस्ताचा पाऊस अजून यायचा असतो. हस्ताचा पाऊस अनेकदा गडगडाटासह, कमी वेळात पुष्कळ पडतो. म्हणून आता पेरायचा वाफा जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर उंच, गादीसारखा करावा. जास्तीचे पाणी बाजूंनी निघून जाते. त्यालाच गादीवाफा म्हणतात. पाऊस संपल्यावर जे वाफे कराल ते मात्र सपाट किंवा किंचित खोलगट करावे आणि त्यांच्या कडेने बांध घालावा, म्हणजे दिलेले पाणी वाफ्यातच राहते.

पेरण्यापूर्वी बियांची परीक्षा घ्यावी. वीस बिया मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळाव्या, तुकडा सावलीत ठेवावा आणि तो वाळू देऊ नये. चार-पाच दिवसांनी उघडून पाहावे. चौदा-पंधरा बियांना मोड आले असतील तर बी चांगले. आठ-दहांनाच आले असतील तर ते दाट पेरावे किंवा दुसरे आणावे. आपल्याकडे आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. पत्रावळीवर शेतातील काळी माती पसरून तीत धान्य पेरतात व मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. नऊ दिवसांत त्या मातीतून पिवळसर हिरवे कोंब वर येतात. घरातील वडीलधारी माणसे ते कोंब निरखून कोणते धान्य कसे उगवले हे पाहतात. रब्बीची पेरणी त्याच दिवसांत असते हे ध्यानात घेतले, तर गोणपाटातील परीक्षा आपल्याला अगदी परकी वाटणार नाही. घटाच्या मातीत एक गंमत आणखी आहे: वरून फारसे पाणी न घालताही ती ओलसर राहते. याचे कारण पुढे येईल.

आता प्रत्येक भाजीचा स्वभाव पाहू. मेथी ही सर्वांत समंजस; तीन ते पाच दिवसांत उगवते आणि सुमारे महिन्याभरात खुडण्यास येते. सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये. त्याचे चार भाग करून दर आठवड्यास एक भाग पेरावा, म्हणजे भाजी एकदम न येता पाळीपाळीने येत राहते. पालक पाच-सहा आठवड्यांत तयार होतो, आणि पाने वरून कापून घेतली तर त्याच खोडास पुन्हा फूट येते. कोथिंबिरीचे बी म्हणजे स्वयंपाकघरातील धने. पण अख्खा धना पेरणे बरे नव्हे. एका धन्यात दोन बिया जोडलेल्या असतात. तो चपलेखाली हलकेच रगडून त्याच्या दोन पाकळ्या कराव्या, रात्रभर पाण्यात भिजवाव्या आणि मग पेराव्या. तरीही उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा धीर सोडून माती उकरून पाहू नये. (माती उकरून पाहिली नाही असा मुलगा मला अजून भेटायचा आहे.) मुळा सहा-सात आठवड्यांत येतो. वांगी व टोमॅटो यांची रोपे आधी छोट्या गादीवाफ्यावर तयार करून चार-पाच आठवड्यांनी दुसरीकडे लावतात. लसणाच्या पाकळ्या मात्र ऑक्टोबरमध्ये, टोकाची बाजू वर ठेवून, चार-चार बोटांच्या अंतरावर टोचाव्या. लसणाला चार-पाच महिने लागतात. आणि कोपऱ्यात थोडी करडई टाकण्यास विसरू नये. तिचे काटे पुढे येतात. कोवळ्या पानांची भाजी मराठवाड्यात आवडीने खातात.

बी किती खोल पेरावे? जितके जाड बी, त्याच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. त्याहून खोल गेले तर कोंबाजवळची शिदोरी वाटेतच संपते व तो वर येऊ शकत नाही.

परसबागेचा खरा प्रश्न पाण्याचा. थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तो बरोबर एक लिटर भरतो. ऑक्टोबरच्या उन्हात अशा एक चौरस मीटर वाफ्यातून रोज साधारण चार-पाच लिटर पाणी उडून जाते. काही मातीतून, काही पानांवाटे. आपला वाफा दोन चौरस मीटरचा, म्हणजे त्यास रोज सुमारे दहा लिटर पाणी हवे. तीन वाफ्यांना तीस लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या. आता घरात एक बादली मोरीजवळ ठेवा, आणि तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी दिवसभर तीत साठवा. घासलेली भांडी विसळल्यावर शेवटी उरणारे स्वच्छ पाणीही तीत ओता. रात्री मोजून पाहा. बादली किती भरली, हे प्रत्येक घरी निराळे दिसेल. पण जे पाणी काल गटारात गेले होते, ते आज मोजता आले एवढे निश्चित.

साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर ओतू नये. कपडे धुण्याच्या पुडीतील क्षार मातीत साठत जातात आणि काळी माती आणखी घट्ट होते. न्हाणीच्या पाण्याला खडे व वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून वाट द्यावी, आणि त्या वाटेवर केळ, कर्दळ किंवा पपई लावावी. न्हाणीमागे केळ लावण्याची आपल्या आजीची रीत याच हिशेबाची होती. शोभेची हिरवळ लावण्याची हौस अलीकडे गावांतही दिसते. परंतु जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे न खाता येणाऱ्या गवताला पाणी पाजणे मला तरी पटत नाही.

आता घटाच्या मातीचे कोडे सोडवू. भाजलेल्या, पण रोगण न लावलेल्या मडक्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू बाहेर झिरपते. असे मडके वाफ्यात गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा ती मडक्यातील पाणी ओढून घेते. माती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणेही मंदावते. म्हणजे केव्हा, किती पाणी द्यायचे हे मातीच ठरवते. मडक्याभोवती वीतभर अंतरावर टोमॅटो, वांगी किंवा भोपळ्याच्या वेलाची रोपे लावली, तर त्यांची मुळे मडक्याला जाऊन बिलगतात. वरच्या थरातील माती कोरडीच राहत असल्यामुळे तणही कमी उगवते. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात वेलांजवळ मडकी पुरण्याची पद्धत सांगितलेली आढळते. तेलगावच्या मुलांना त्यासाठी चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. संक्रांतीला, उन्हाळ्यात किंवा घटस्थापनेला घेतलेले, आता बाजूला पडलेले, पण न फुटलेले मडके कोणत्याही घरी सापडते.

दुसरी युक्ती आच्छादनाची. रोपे बोटभर वाढली की त्यांच्यामध्ये वाळलेला पालापाचोळा पसरावा. उन्हाची थेट झळ मातीला लागत नाही, आणि तिच्यातील ओल पुष्कळ अधिक काळ टिकते. ज्या गावाशेजारी ऊस आहे, तेथे उसाचे पाचट हवे तेवढे मिळते. ऊस तुटल्यावर पुष्कळ ठिकाणी ते शेतातच पेटवून देतात. वाफ्यावर चार बोटे जाडीचे पाचट घातले तर ते हळूहळू कुजून खतही होते.

किडीविषयी थोडक्यात सांगतो. पानांच्या मागे मावा दिसला तर पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी फडक्याने गाळून ते पाणी फवारावे. कोंबड्यांचा उपद्रव मात्र कोणत्याही किडीहून मोठा. पेरणीनंतर वाफ्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकाव्या.

थंडी सरताना मेथी व कोथिंबीर फुलावर येऊ लागते. तेव्हा सर्व झाडे उपटू नयेत. सर्वांत जोमदार अशी पाच-सात झाडे बियांसाठी राखावी. बी पक्व होऊन वाळले की ते काढून सावलीत सुकवावे आणि थोडी राख मिसळून डब्यात ठेवावे. संकरित वाणाचे बी असे राखले तर पुढच्या वर्षी झाडे सारखी येत नाहीत; गावरान वाणाचे राखता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे डोंगराळ गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता, भाज्यांचे व भाताचे अनेक गावरान वाण आपल्या घरी जपले, आणि ते इतर शेतकरी स्त्रियांना वाटले. २०२० साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. त्यांच्या कामाची सुरुवात घराशी असलेल्या बियांपासूनच झाली.

शंका आली तर विचारायला माणसेही आहेत. १९७२ साली, त्या दुष्काळाच्याच वर्षी, परभणी येथे मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे या भागातील माती व पिके यांवर संशोधन चालते. गावातील सहाय्यक कृषी अधिकारीही सांगतील. परंतु आधी आजीला विचारावे. वाफसा ओळखण्याच्या कामी तिची मूठ फार भरवशाची असते.

फाल्गुनाच्या सुमारास लसणाची पात पिवळी पडून माना टाकते. तेव्हा पाणी बंद करावे, आठवड्याने गड्डे उपटावे आणि पातीसकट दोन-तीन दिवस सावलीत वाळवावे. मग पातीची वेणी घालून जुड्या आढ्याला टांगाव्या. गुढीपाडव्याच्या आसपास कोयत्यावरून परतलेल्या गाड्या गावात शिरतात, दारांची कुलपे निघतात, आणि धूळ झाडत घरात आलेल्या आईची नजर वर आढ्याकडे जाते.